बॅटरी काढायची राहिली

माझ्या डाव्या हाताला अंगठा धरून चार बोटं आहेत. अंगठ्याशेजारचं बोट नाही. मधलं बोट आहे, पण त्याला काही कळत नाही. चहाचा कप गरम आहे का, हे मला उजव्या हाताने बघावं लागतं.

मी सुनंदा. परभणीकडच्या पेडगावजवळ एका गावात आमची दोन एकर तुती आहे. तुतीचा पाला घालून आम्ही रेशमाच्या आळ्या पाळतो. मी बारावीपर्यंत शिकले, त्यामुळे शेडमधल्या नोंदींची वही माझ्याकडे. कापणी मी आणि माझी धाकटी जाऊ रेखा, दोघी मिळून करायचो. आता आसपासच्या गावांतल्या पुष्कळ बाया बॅटरीची कात्री घ्यायला लागल्या आहेत. कुणी ना कुणी घरी येऊन माझा हात बघते आणि विचारते, "कसं झालं ओ?" दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी गाळलं जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

*

कात्री आम्ही हट्टाने घेतली होती. विळ्याने फांद्या कापून कापून माझी मनगटं धरायची. सकाळी भाकरी थापताना पीठ मळवत नसे. सेलूच्या एका दुकानातून मालकांनी ती आणली. मालक म्हणजे माझे यजमान. दुकानदार स्वतः शेतात येऊन शिकवून गेला. करकोच्याच्या चोचीसारखी दोन पाती, खाली मूठ, मुठीत बोटाने दाबायचा खटका आणि मागे बसवायची बॅटरी.

"बायांनो, दोनच गोष्टी ध्यानात ठेवा," तो म्हणाला होता. "दुसरा हात पात्यापासून हातभर लांब. आन् काही अडकलं, की आधी बॅटरी काढायची, मग हात लावायचा. तिला फांदी आन् बोट यातला फरक कळत न्हाई."

आम्ही माना हलवल्या. पहिले आठ-दहा दिवस बॅटरी काढायचोही. खट करून निघते, एका श्वासाचं काम. पण तुतीची साल लय चिवट. घडीघडी पात्याच्या बुडाशी तिचा दोरा गुंडाळतो. दहादा बॅटरी काढा, दहादा घाला. मग काढेनाशा झालो. कधीपासून, ते दोघींनाही सांगता येणार नाही.

*

त्या दिवशी आळ्या पाचव्या अवस्थेत होत्या. म्हणजे कोष करायच्या आधीचे शेवटचे सात-आठ दिवस. तेव्हा त्या नुसत्या खात सुटतात. पाला थोडा उशिरा पडला तरी कोष हलका होतो. सकाळचे सात वाजले असतील. रेखाच्या खांद्यावर फांद्यांची मोळी होती. कात्री माझ्याकडे होती. साल अडकली.

"धर गं जरा," म्हणून मी कात्री तिच्याकडे दिली. तिने एका हाताने मोळी सावरत दुसऱ्या हाताने मूठ धरली. मी पात्यात डाव्या हाताची दोन बोटं घातली आणि सालीचा दोरा ओढायला लागले. दोरा निघत आला होता. तेवढ्यात तिच्या खांद्यावरची मोळी घसरली. ती सावरायला गेली आणि मूठ आवळली गेली.

दुखलं नाही. हे मी कुणालाही सांगितलं तर खरं वाटत नाही. पाल्यावर एक बोट पडलेलं दिसलं. त्याच्या नखावर हळदीचा पिवळा डाग होता. हा डाग तर माझ्या नखावर होता, असं मनात आलं आणि मग मी हाताकडे बघितलं.

रेखाने डोक्याचा रुमाल सोडून माझा हात गच्च बांधला. ती ओरडत होती, असं नंतर लोकांनी सांगितलं. मला तिचं फक्त हलणारं तोंड आठवतं.

*

परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मालकांच्या हातात स्टीलचा डबा होता. डब्यात बर्फ आणि बर्फात बोट. गावातल्या थंड पेयाच्या दुकानातून त्यांनी धावत जाऊन बर्फ आणला होता. त्यांना वाटलं, हेच बरोबर. कुणालाही तसंच वाटलं असतं.

तिथे कागद लिहून घेणाऱ्याने विचारलं, "कसं झालं?"

रेखा माझ्या समोर उभी होती. तिच्या लुगड्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत माझं रक्त. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, "मशीन आपोआप चालू झालं."

रेखाने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. त्याने लिहून घेतलं.

*

बोट जोडण्यासाठी नांदेडला एका खाजगी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी डबा उघडला आणि बोट बर्फातून बाहेर काढलं. मग मालकांना समजावून सांगितलं. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ बोटाला थेट लागू द्यायचा नाही, बोट पाण्यात बुडू द्यायचं नाही. "तुमची चूक नाही, कुणी सांगत नाही हे," असंही म्हणाले. पण मालकांचं तोंड पडलं ते पडलंच. मी हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण एवढं तरी कुणाच्या उपयोगी पडावं.

बोट जोडलं. मधल्या बोटाची रक्ताची शीर आणि स्पर्श कळायची नस अर्धी तुटली होती, तीही शिवली. मग सुरू झालं वाट बघणं. नर्सबाई घंट्या-घंट्याला यायची, जोडलेल्या बोटाचं नख दाबायची, सोडायची, रंग परत येतो का ते बघायची. वहीत लिहायची आणि जायची. चहा सहाला, ड्रेसिंग नऊला, डॉक्टर अकराला. माझ्या घरच्या वहीत मी आळ्यांच्या नोंदी ठेवायचे, पाला किती वाजता, शेडची गरमी किती. इथे माझ्या बोटाची तशीच नोंद कुणीतरी ठेवत होतं. मी ते बघत पडून राहायचे. माझंच बोट आहे, असं काही वाटायचं नाही.

आमची मुलगी परभणीला खोली करून शिकते. फोनवर हुंदके देऊन रडली. मी म्हणाले, "परीक्षा जवळ आलीय, अभ्यास कर." फोन ठेवल्यावर मालक म्हणाले, "अगं, काहीतरी बोलायचं व्हतं तिच्याशी." मला काय बोलायचं होतं तेच सापडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी नर्सबाईने नख दाबलं, पुन्हा दाबलं आणि न लिहिताच बाहेर गेली. डॉक्टर अकराच्या आधीच आले. बोट शेंड्याकडून काळं पडायला लागलं होतं. डॉक्टर समजावून सांगत होते की रक्त आत जात नाही, ठेवलं तर विष पसरेल, काढावं लागेल.

मी विचारलं, "कधी काढायचं?" सेलूची गाडी कधी आहे, असं विचारावं तसं.

ते म्हणाले, "ताई, तुम्ही धीराच्या आहात."

तो धीर नव्हता. आत काही हलतच नव्हतं. पण कुणी धीराची म्हटलं की नाही म्हणायची चोरी होते. पुढे सगळेच म्हणायला लागले, सुनंदा लय धीराची. मी तशी मान हलवत राहिले.

*

शेजारच्या खाटेवर वसमतकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. पाय भाजला होता. बोट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका हाताने केस विंचरायचा प्रयत्न करत होते. फणी हातातून दोनदा पडली. त्यांनी बघितलं.

"हिकडं ये. बस म्होरं पाठ करून."

मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. त्यांनी पाय न हलवता, वाकून, माझी वेणी घातली. गाठी सोडवताना एकदाही ओढलं नाही. काही विचारलंही नाही. रोज सकाळी चहानंतर त्या "ये" म्हणायच्या आणि मी जाऊन बसायचे. सगळ्या दवाखान्यात मला तेवढाच वेळ बरा वाटायचा. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

रेखा दवाखान्यात एकदाही आली नाही. फोन यायचा, तोही मालकांच्या फोनवर. "आळ्या पिकल्या, कोष करायला लागल्या, सांगा ताईला." एवढंच. तिने ती सगळी बॅच एकटीने विळ्याने कापून जगवली, हे मला मागाहून कळलं. कात्रीला तिने हात लावला नव्हता.

*

घरी आले तेव्हा स्वयंपाकघर रेखाच्या ताब्यात होतं. ती सगळं करायची. पाणी आणून द्यायची, ताटात भाकरी कुस्करून द्यायची, नजर मात्र वर करायची नाही. आम्ही मीठ आणि पाणी याशिवाय बोलत नव्हतो.

आठवड्यातून दोनदा मी परभणीला फिजिओथेरपीला जायचे. तिथली मुलगी माझे डोळे बांधायची आणि बोटांना काहीबाही लावायची. तांदूळ, कापूस, किल्ली.

"मधल्या बोटाला काय लागतंय, मावशी?"

"काही नाही."

"आता?"

"काही नाही."

तिने बजावून सांगितलं होतं की नस हळूहळू वाढते, तोवर या बोटावर डोळा ठेवायचा, त्याला चटका कळणार नाही. तरी एक दिवस तव्याच्या कडेला ते बोट टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. वास आला तेव्हा कळलं. हा मोठा फोड. मालक बर्नॉल लावायला निघाले, मग थांबले आणि नळाखाली हात धरला. म्हणाले, "दुखलं कसं न्हाई तुला?"

"न्हाई दुखलं."

ते माझ्याकडे असं बघत राहिले, जसं घरात कुणी परकं माणूस येऊन बसलंय.

त्यांनाही काहीतरी करायचं होतं. बर्फाचा डबा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. मग त्यांनी सगळा राग दुकानदारावर काढला. फोनवर त्याला नाही नाही ते बोलले. एक दिवस वकिलाकडून तक्रारीचा कागद करून आणला. त्यात लिहिलं होतं, मशीन सदोष होतं, ते आपोआप चालू झालं. खाली माझी सही.

"उजवा हात चांगला हाय न्हवं तुझा? कर सही."

मी म्हणाले, "उद्या करते." दुसऱ्या दिवशीही म्हणाले, उद्या. रेखा चुलीपाशी ऐकत होती.

*

तिसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः आला. मोटारसायकल लावून अंगणात उभा राहिला. उन्हाने चेहरा काळवंडलेला.

"दादा, तक्रार करा. तुमचा हक्क हाय. पण एकदा मशीन बघू द्या मला."

मालकांनी शेडमधून पोतं आणून त्याच्या पुढ्यात टाकलं. त्या दिवशी कुणीतरी कात्री त्यात कोंबली होती. त्याने ती बाहेर काढली आणि पहिली गोष्ट बघितली. "बॅटरी आतच हाय अजून." त्याने ती खट करून काढली. पात्यावर वाळलेलं रक्त होतं. ते त्याने स्वतःच्या रुमालाने पुसलं. मग बॅटरी घातली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि कात्री बाजेवर ठेवून दिली.

आम्ही सगळे बघत राहिलो. ती नुसती पडून होती.

"आपोआप चालत न्हाई, दादा. खटका दाबल्याबिगर पातं मिटत न्हाई."

"त्या दिवशी मिटलं!" मालक ओरडले. "माह्या बायकोचं बोट काय उगंच गेलं?"

दुकानदार बाजेपाशी गेला. "मग हे घ्या," म्हणून त्याने स्वतःचा हात दोन पात्यांच्या मध्ये घातला. ज्याने आम्हाला हातभर लांब राहायला शिकवलं होतं, त्याने. दुसऱ्या हाताने तो बाज हलवायला लागला. "बघा. चालतंय का? बघा!"

"हात काढा!" रेखा चुलीपासून धावत आली. "आधी हात काढा! बॅटरी काढा तिची!" ती इतक्या जोरात किंचाळली की त्याने हात मागे घेतला. रेखाने कात्री उचलली, बॅटरी उपसून अंगणात फेकून दिली आणि खाली बसली.

"खटका म्या दाबला व्हता. ताईचा हात आत व्हता आन् म्या दाबला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "तिनं मुद्दाम न्हाई दाबला. मोळी घसरली. आन् बॅटरी न काढता कात्री तिच्याकडं मीच दिली. खोटंबी मीच सांगितलं." सांगताना माझा आवाज अगदी सरळ होता. मला आठवतं, कारण त्या सरळपणाची मलाच भीती वाटली.

मालकांनी कागदाची घडी केली, खिशात घातली. दुकानदाराला म्हणाले, "चहा घेऊन जा." त्याची माफी ते मागू शकले नाहीत, पण चहा होईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "माह्यापाशी बी खोटं? एवढे दिवस?" मग चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गंमत म्हणजे रेखाशी बोलत होते.

*

आता कात्री पुन्हा वापरतो. दुरुस्त करायला काही नव्हतंच, नुसती साफ करून घेतली. लोकांना नवल वाटतं. पण विळ्याने दोन एकर होत नाही, हे विळ्याने करून बघितलेल्यांनाच कळतं.

फांदी आता हाताने धरत नाही, लांब दांड्याच्या आकडीने ओढून धरतो. कात्री एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाताना बॅटरी नसते. साल अडकली तरी बॅटरी बाहेर. पातं पुसायचं तरी बाहेर. बॅटरी शेडमध्ये चार्जिंगला लावत नाही, तिथे वाळका पाला असतो. घरात, फरशीवर, कुणीतरी जागं असताना लावतो. मध्ये एक बॅटरी पडून फुगली होती. ती तशीच वापरण्याचा मोह झाला, पण दुकानदाराकडे नेऊन दिली. तो माझ्याशी आता नीट बोलतो. हाताकडे बघत नाही.

एवढं लिहून मी थांबणार होते. पण मग पंधरा दिवसांपूर्वीचं राहून गेलं असतं.

सकाळी आम्ही दोघी तुतीत होतो. रेखा कापत होती, मी मोळ्या बांधत होते. तिने कात्री बांधावर ठेवली आणि पाण्याची बाटली घ्यायला वळली. कात्रीचा हिरवा दिवा चालू होता. बॅटरी आत.

मला काय झालं माहीत नाही. हातातली मोळी टाकून मी ओरडले.

"रेखे! माह्या एका बोटानं भागलं न्हाई का तुझं? अजून किती पायजेत?"

ती जागच्या जागी थिजली. माझं तोंड थांबेना. "मोळी पडली असती तर पडू द्यायची व्हती! पाला महाग व्हता का माह्या हातापेक्षा? आन् दवाखान्यात एकदा तरी येऊन तोंड दाखवायचं व्हतंस! नऊ दिवस व्हते मी तिथं! परक्या बाईनं वेणी घातली माही!"

"कोणत्या तोंडानं येऊ?" तीही ओरडली. "धर म्हणून तुमी म्हणलाव, ताई. म्या मागितली व्हती का? आन् वरून खोटं सांगितलाव. मला कुणी विचारलंच न्हाई, कुणी शिवीबी दिली न्हाई. खरं सांगायला जागाच ठेवली न्हाई तुमी मला! म्या त्या आळ्यापाशी बसून एकटी काय करायले व्हते, ते विचारलाव का कधी?"

पलीकडच्या वावरातली माणसं उभी राहून बघायला लागली. आम्हाला त्याचं काही नव्हतं. मी आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. मग मी बांधावर बसले. रडू आलं. साधं नव्हे, नाक-तोंड एक करणारं. बोट काढलं तेव्हा आलं नव्हतं, घरी आले तेव्हा नाही, मुलगी रडली तेव्हा नाही. इतक्या महिन्यांचं होतं, लवकर थांबलं नाही.

रेखाने कात्री उचलली. बॅटरी काढून कमरेच्या पिशवीत टाकली. माझ्याजवळ बसली, पण मला हात लावला नाही. तीही रागात होती, तिच्या नाकपुड्या फुगलेल्या दिसत होत्या.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "ताई, ऊन चढायलंय. आळ्या उपाशी हायत."

मी डोळे पुसले आणि उठले. ती कापत गेली, मी बांधत गेले. माझं डोकं ठणकत होतं, घसा बसला होता आणि तिच्यावरचा राग काही गेला नव्हता. घरी पोचेपर्यंत आम्ही आणखी दोनदा भांडलो.